जात्यासमोरची जागा : ओवी, गिरणी आणि माणसाळलेल्या जगण्याचा निकष

१

दैनंदिन जीवनातील यंत्रांची मध्यस्थी कमी व्हावी, माणसामाणसांतील व्यवहार पुन्हा थेट व्हावा, ही इच्छा गेल्या काही दशकांतील मराठी ललित आणि आत्मपर लेखनातून सातत्याने व्यक्त होत आली आहे. दूरचित्रवाणीच्या काळात ती होती, भ्रमणध्वनीच्या काळात ती अधिक तीव्र झाली. तिचे निमित्त बदलत गेले तरी तिची प्रतिमासृष्टी मात्र फारशी बदललेली नाही. चूल, आड, ओसरी, बैलगाडी आणि जाते या पाच-सात वस्तूंभोवतीच ती फिरत राहते. त्यांतही जात्याला एक विशेष स्थान आहे, कारण जात्याबरोबर आवाज येतो. पहाटेची घरघर आणि तिच्यावर तरंगत येणारी ओवी हे जणू यंत्रपूर्व जीवनाच्या माणुसकीचे प्रमाणपत्रच मानले जाते.

या प्रतिमेचा वापर करणाऱ्या लेखनाकडे बारकाईने पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. अशा लेखनातील निवेदक बहुधा अंथरुणात असतो. तो लहान आहे, अर्धवट झोपेत आहे. आईचा किंवा आजीचा आवाज त्याच्या कानांवर पडतो आहे आणि तो पुन्हा झोपी जातो. दळणारी बाई त्याला दिसते ती पाठमोरी, कंदिलाच्या उजेडात. ती किती वाजता उठली, दळण किती पायलीचे होते, तिच्यासमोर खुंट्याला हात लावायला कोणी होते की नव्हते, या प्रश्नांना त्या स्मृतीत जागा नसते. स्मृती खरीच असते. पण ती ऐकणाऱ्याची असते, दळणारीची नव्हे.

हा दृष्टिकोनाचा प्रश्न केवळ स्मरणरंजनपर लेखनापुरता मर्यादित नाही. कमी यंत्रे म्हणजे अधिक माणुसकी, असे समीकरण मांडणाऱ्या वैचारिक लेखनालाही तो विचारावा लागतो. प्रस्तुत लेखात जात्यावरची ओवी आणि तिला मूक करणारी पिठाची गिरणी यांच्या संदर्भात हा प्रश्न तपासावयाचा आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : माणसाळलेले जगणे म्हणजे काय, याचा निकष साधनांच्या संख्येत शोधण्यापेक्षा त्या साधनाभोवती कोणाला बसावे लागते, कोणाला बोलता येते आणि त्या बोलण्याला समोर कोणी असते काय, यांत शोधावा लागेल, आणि हा निकष स्वतः ओवीनेच पुरविलेला आहे.

२

जाते हे साधे जीवन जगण्याचे साधन म्हणून स्वीकारले गेल्याचा एक महत्त्वाचा दाखला महात्मा गांधींच्या ‘सत्याचे प्रयोग’ या आत्मकथेत आहे. जोहान्सबर्ग येथील घरात त्यांनी जीवन साधे करण्याचा क्रम आरंभिला, तेव्हा सात पौंड किमतीचे एक हातजाते विकत आणले. त्याचे लोखंडी चाक एकट्याला जड आणि दोघांना सोपे होते. गांधी, त्यांचे सहकारी हेन्री पोलॉक आणि मुले ते चालवीत. कस्तुरबाही कधीकधी हात लावीत. पण दळणाची ती वेळ त्यांची स्वयंपाकाला लागण्याची असे, अशी नोंद गांधींनी प्रांजळपणे केली आहे.

ही नोंद लहान असली तरी समीक्षकाने तिच्यापाशी थांबले पाहिजे. येथे दळण हा प्रयोग आहे. दळणारे पुरुष आहेत, व्यायामाचा आनंद आणि शुद्ध अन्नाचे समाधान त्यांना मिळते आहे, आणि उद्या जाते थांबले तर घर उपाशी राहणार नाही. त्याच घरातील स्त्रीला मात्र त्या आनंदात पूर्णवेळ सहभागी होता येत नाही, कारण तिचे काम प्रयोगाच्या बाहेर तसेच चालू आहे. निवडलेले दळण आणि नेमून दिलेले दळण यांतील अंतर या एका तपशिलात स्पष्ट होते.

हेच अंतर पुढे सार्वजनिक कार्यक्रमातही राहिले. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या आणि वर्ध्याच्या मगनवाडीतून चालणाऱ्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने हातसडीचा तांदूळ व जात्यावरचे पीठ यांचा पुरस्कार केला. त्यामागे पोषण आणि ग्रामीण रोजगार ही दोन्ही कारणे होती, आणि ती कमी महत्त्वाची होती असे म्हणता येणार नाही. परंतु गांधींच्याच विचारात या पुरस्काराला छेद देणारा एक धागा आहे. १९२४ मध्ये यंत्रांविषयी झालेल्या एका प्रसिद्ध संभाषणात त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला. पत्नीला हाताने टाके घालताना होणारे कष्ट पाहून, तिच्यावरील प्रेमापोटी सिंगरने हे यंत्र शोधले, म्हणून ते ग्राह्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. यंत्राचा हव्यास त्याज्य, व्यक्तीचे कष्ट हलके करणारे यंत्र ग्राह्य, हा त्यातील विवेक होय. हा विवेक जात्यापर्यंत नेला तर पिठाची गिरणी नेमकी कोणत्या बाजूला पडते? शिवणाऱ्या पत्नीचे कष्ट ज्याला दिसले, त्याला दळणाऱ्या पत्नीचे दिसावयास हवेत. ग्रामोद्योगाच्या अर्थशास्त्रात हा प्रश्न मागे राहून गेला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधी यांच्यावरील आपल्या ग्रंथात ‘गांधीवादा’ची चिकित्सा करताना हा मुद्दा दुसऱ्या टोकाकडून मांडला. पशुवत कष्टांतून सुटका झाल्याखेरीज फुरसत नाही आणि फुरसतीखेरीज संस्कृती नाही. ही सुटका यंत्रच करू शकते. म्हणून दोष द्यावयाचा तर तो यंत्राला न देता, त्याचे लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेला द्यावा, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख आहे. ज्या समाजाच्या वाट्याला कष्ट जन्माने आले, त्याच्या दृष्टीने ‘साध्या जीवनाकडे परत चला’ हे आवाहन कसे ऐकू येते, हे त्यावरून कळते. अंथरुणातून ऐकणाऱ्या निवेदकाला हा युक्तिवाद अडचणीचा वाटेल. पण तो टाळून पुढे जाता येणार नाही.

तरीही आंबेडकरांच्या युक्तिवादातून एक प्रश्न शिल्लक राहतो. कष्टांतून फुरसत आणि फुरसतीतून संस्कृती, हा क्रम मान्य केला, तर प्रत्यक्ष कष्टांच्या वेळी, कष्टांच्याच लयीत निर्माण झालेल्या वाङ्मयाचे काय करावयाचे? जात्यावरची ओवी ही फुरसतीची निर्मिती नव्हे. या अडचणीचे उत्तर तत्त्वचर्चेत शोधण्याआधी ओवीलाच विचारले पाहिजे.

३

ओवीचे श्रमाशी असलेले नाते प्राचीन आहे. ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याने महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात असा उल्लेख केला आहे. म्हणजे ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ओवीला ग्रंथाचे वाहन केले, त्याच्या दीडशे वर्षे आधीच तिचे स्थान उखळा-मुसळापाशी निश्चित झालेले होते. जनाबाईसोबत विठ्ठल दळू लागतो ही कथा मराठी मनाला जवळची वाटण्याचे कारणही याच नात्यात आहे. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईचे जाते आजही दाखविले जाते. या कथेचा आशय भक्तीचा आहे हे खरे. पण तिचे रूप पाहावे. दासीला देवाकडून जे हवे आहे, ते समोर बसून खुंट्याला लावलेला हात हे आहे. देवाने तिचे दळण चमत्काराने संपविले असते तर ती वेगळी कथा झाली असती.

लोकओव्यांच्या संग्रहांतून श्रमाची तक्रार स्पष्टपणे ऐकू येते. दळणाला लागणारे बळ आईच्या दुधाचे आहे, ते सासरी खर्ची पडते आहे, हा आशय असलेल्या ओव्या महाराष्ट्राच्या अनेक भागांत आढळतात. सीतेचा वनवास या ओव्यांतून सासुरवासाच्या भाषेत सांगितला जातो. रामाची थोरवी अबाधित ठेवूनही गाणारीची सहानुभूती निःसंदिग्धपणे सीतेकडे असते. बहीण भावाची वाट पाहते, माहेरच्या रस्त्याचे वर्णन करते. मुलीचा जन्म, तिची पाठवणी, वांझपणाचा बोल, सवतीचा जाच, हे सगळे विषय येथे येतात. जात्यावरील ओवीला श्रमाचे गौरवगीत मानणाऱ्यांनी या आशयाची दखल घेतलेली दिसत नाही. जातेच देव मानून त्याला संबोधणारी ओवीही पुष्कळदा त्याला गौरवासाठी हाक मारीत नाही. तिच्या पोटातले सांगण्यासाठी दुसरे कोणी नाही, म्हणून ती त्याला हाक मारते.

याचा अर्थ ओवी केवळ दुःखाची कैफियत आहे असा नव्हे. तिच्यात अभिमान आहे, थट्टा आहे, पंढरीच्या वाटेचा उत्साह आहे. विठ्ठल-रुक्मिणीच्या संसारात जनीवरून होणारी कुरबूर सांगताना दळणाऱ्या बाया जो मोकळेपणा घेतात, तो कीर्तनाच्या फडावर त्यांना मिळाला नसता. मराठवाड्यातील दलित स्त्रियांनी आंबेडकरांवर रचलेल्या ओव्यांत हे आणखी ठळकपणे दिसते. तेथे जुन्या चालीतच एक नवा नायक आला. यंत्रयुगाचे समर्थन करणाऱ्या विचारवंताचे गाणे जात्यावर गायिले गेले, ही घटना वर उपस्थित केलेल्या प्रश्नाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. गाणाऱ्यांना त्यात विसंगती जाणवली नाही, कारण त्यांच्या लेखी जाते हे तत्त्व नव्हते. बोलण्याची मिळालेली जागा होती.

४

ही जागा कशी घडते, हे जात्याच्या रचनेवरून समजून घेता येते. दोन तळ्या, मधला आस, वरच्या तळीला ठोकलेला खुंटा, एका हाताने घालावयाची वैरण आणि दुसऱ्या हाताने द्यावयाचा फेरा. दळण मोठे असेल तेव्हा दोघी समोरासमोर बसतात आणि एकच खुंटा धरतात. सासू-सून, जावा-जावा, नणंद-भावजय किंवा मायलेकी, कोणीही असोत, एकीने ओढले की दुसरीने सोडावे लागते. भांडण असले तरी लय मोडता येत नाही. पहाटेची वेळ असते, घरातील पुरुष निजलेले असतात आणि दगडांच्या घरघरीने शब्द झाकले जातात. ज्या घरात सुनेने मोठ्याने बोलणे निषिद्ध होते, त्याच घरात तिला रोज तास-दोन तास मोठ्याने गाता येत होते आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती, कारण ती काम करीत होती.

म्हणजे जातेसुद्धा एक मध्यस्थच होते. ‘थेट’ मानवी व्यवहार असा काही त्या पहाटेतही नव्हता. दोन स्त्रियांमध्ये चांगला वजनदार दगड होता. फरक असा की त्या साधनाची मध्यस्थी शरीराच्या मापाची होती आणि ते चालू असताना माणसाच्या आवाजाला वाव राहत होता. बहिणाबाई चौधरी यांनी आपल्या गाण्यात जात्याला, म्हणजे खानदेशी बोलीतील घरोटाला, संबोधून जे सांगितले आहे त्याचा आशय असाच आहे : घरोटातून जशी पिठी पडते, तसे पोटातले गाणे ओठांवर येते. या प्रतिमेचा सौंदर्यगुण सर्वांनी वाखाणला आहे. पण ती शब्दशः खरी आहे याकडे कमी लक्ष गेले. पीठ आणि गाणे ही एकाच फेऱ्याची दोन फळे आहेत. अक्षरओळख नसलेल्या या कवयित्रीची गाणी घरातल्यांनी टिपून ठेवली म्हणून वाचली आणि १९५२ मध्ये, तिच्या निधनानंतर, ग्रंथरूपाने आली. ज्यांच्या घरात टिपून घेणारे कोणी नव्हते त्यांची गाणी पिठाबरोबर संपली.

श्रम आणि लय यांचा संबंध पाश्चात्त्य अभ्यासकांनीही मांडला आहे. कार्ल ब्यूशर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये काव्याचे आणि संगीताचे मूळ श्रमाच्या लयीत शोधले. त्याच्या उपपत्तीत गाणे श्रमाला साहाय्यक ठरते. ओवीच्या बाबतीत ही उपपत्ती अर्धीच लागू पडते : लय दळणाला साहाय्य करते, पण शब्द पुष्कळदा दळणाविरुद्ध बोलतात. वाल्टर बेन्यामिन यांनी १९३६ च्या ‘कथेकरी’ या निबंधात सूत कातता-विणताना ऐकण्याची कला जोपासली जाते, हात कामात गुंतले की ऐकणारा स्वतःला विसरतो आणि गोष्ट त्याच्यात मुरते, असे निरीक्षण नोंदविले आहे. जात्याला ते चांगले लागू पडते, मात्र एका भेदासह. बेन्यामिन यांना कथेकऱ्याच्या लोपाची खंत आहे. जात्यावर कथेकरी आणि श्रोता अशी विभागणीच नाही. एकीची ओवी संपते तेथून दुसरी उचलते.

अमेरिकन तत्त्वज्ञ अल्बर्ट बोर्गमन यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात केलेला भेद येथे विशेष उपयोगी आहे. एका बाजूला ‘वस्तू’ असते : तिच्याभोवती कौशल्य, सहवास आणि दिनक्रम गुंफलेला असतो. दुसऱ्या बाजूला ‘उपकरण’ असते : ते हवी ती गोष्ट हवी तेव्हा पुरविते आणि आपली यंत्रणा दृष्टीआड ठेवते. त्यांचे उदाहरण घरातील शेगडीचे आहे. आई विस्तव पेटवी, मुले सरपणाची पेटी भरून ठेवीत, वडील लाकडे तोडीत. शेगडी ऊब देई आणि घराला एक मध्यही देई. मध्यवर्ती तापनयंत्रणा नुसती ऊब देते. याच न्यायाने जाते ही वस्तू आणि दुकानातील पिठाची पिशवी हे उपकरणाचे फळ ठरेल. परंतु बोर्गमन यांच्या चित्रात कामे घरातील सर्वांमध्ये वाटलेली आहेत. जात्याभोवती अशी वाटणी नव्हती. जाते घराचा मध्य नव्हते. घराच्या एका कोपऱ्यात, घरातील निम्म्या माणसांनी बसावयाची ती जागा होती. ‘वस्तू’विषयी बोलताना तिच्याभोवतीचे वर्तुळ कोणाकोणाचे आहे हे तपासले नाही, तर बोर्गमन यांचे तत्त्वज्ञानही अंथरुणातून ऐकलेले ठरण्याचा धोका आहे.

५

विसाव्या शतकात प्रथम तेलावर चालणारी आणि पुढे विजेची पिठाची गिरणी खेडोपाडी पोहोचली. दळणारीने तिचे स्वागत केले, यात नवल नाही. ज्वारी-बाजरीचे रोजचे दळण संपले, ही तिच्या देहाला मिळालेली खरी सवलत होती. ओवीच्या लोपाची खंत करताना ही सवलत मोजली नाही, तर समीक्षा निर्दय होईल.

परंतु सवलतीचा वेळ कोठे गेला, हा प्रश्न उरतोच. रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या आपल्या अभ्यासात अमेरिकन घरातील यंत्रांचा इतिहास तपासून असे दाखविले, की घरगुती यंत्रांनी प्रामुख्याने पुरुषांची आणि मुलांची कामे कमी केली. गृहिणीच्या कामाचे तास मात्र तितके घटले नाहीत. पिठाचेच उदाहरण त्यांनी दिले आहे. व्यापारी गिरण्यांचे बारीक पांढरे पीठ आले तेव्हा धान्य दळण्याचे किंवा गिरणीपर्यंत वाहून नेण्याचे पुरुषांचे काम संपले आणि त्या पिठाचे अधिक गुंतागुंतीचे पदार्थ करण्याचे काम स्त्रीकडे आले. हा निष्कर्ष मराठी संदर्भात जसाच्या तसा आणता येणार नाही, कारण येथे दळण स्त्रीचेच होते आणि गिरणीने तिचेच कष्ट कमी केले. तथापि, कमी झालेले कष्ट म्हणजे मिळालेली फुरसत नव्हे, हा त्यातील धडा येथेही खरा आहे. पाणी, सरपण आणि शेतमजुरी यांनी तो वेळ व्यापला. १९७२ च्या दुष्काळात हजारो स्त्रिया खडी फोडण्याच्या कामावर गेल्या. जात्याच्या दगडापासून सुटलेला हात दुसऱ्या दगडाकडे वळला.

गिरणीनेही काही काळ आपली एक जागा निर्माण केली होती, हे येथे नोंदविले पाहिजे. डबे ओळीने लावलेले, ज्वारीवर गहू टाकू नये म्हणून चाललेली तक्रार, नंबर येईपर्यंत दाराशी उभ्या असलेल्या मुली आणि बाया : ही रांग म्हणजे घराबाहेर पडण्याचे एक मान्य निमित्त होते. पण ती दिवसाउजेडी, चारचौघांत, परक्या पुरुषाच्या देखरेखीखाली असलेली जागा होती आणि पट्ट्याच्या आवाजात शब्द झाकला न जाता बुडून जात होता. जात्याची घरघर आवाजाला आडोसा देत होती. गिरणीचा आवाज त्याला जागाच ठेवीत नाही. पुढे पिठाची पिशवी आली, मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात ‘घरघंटी’ आली. घरघंटीने दळण पुन्हा घरात आणले. खुंटा मात्र आणला नाही. तिच्यासमोर दुसरीने बसण्याचे काही कारण नाही. कळ दाबून दुसऱ्या कामाला लागावे, हेच तिचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते.

म्हणजे गिरणीने दोन गोष्टी नेल्या. एक नेण्यासारखी होती : सक्तीचे कष्ट. दुसरी कोणी नेऊ म्हणून नेली नाही आणि गेल्याचे लगेच कोणाच्या लक्षातही आले नाही : रोजची ठरलेली वेळ आणि समोरचे माणूस. या दोन्ही एकाच दगडात गुंतलेल्या होत्या, म्हणून त्या एकत्र गेल्या. त्या एकत्र असणे अपरिहार्य होते असे मात्र मानण्याचे कारण नाही.

६

ओवी गेली असे म्हणतानाच ती प्रचंड संख्येने जतन झाली आहे, हेही खरे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मधून ओव्यांचे संकलन केले; दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर, तारा भवाळकर यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला वेगवेगळ्या दिशांनी विस्तार दिला. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून उभारलेल्या प्रकल्पात महाराष्ट्राच्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या; त्यांतील पुष्कळ ध्वनिमुद्रित झाल्या आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने त्या महाजालावर ऐकण्यासाठी खुल्या केल्या. ज्या तंत्रज्ञानाने पहाट मूक केली, त्याच तंत्रज्ञानाच्या पुढच्या पिढीने तिचा आवाज राखला, हा विरोधाभास सहज सुचणारा आहे. पण त्यावर समाधान मानून चालणार नाही. या जतनातून समीक्षेपुढे दोन प्रश्न उभे राहतात.

पहिला प्रश्न संहितेचा आहे. छापील संग्रहात ओव्या विषयवार लावल्या जातात : आई, भाऊ, माहेर, पंढरी. अभ्यासाला ते सोयीचे आहे. जात्यावर मात्र भावाची ओवी सासूच्या ओवीला लागून येते, पंढरीची ओवी मुलीच्या आठवणीतून निघते, आणि समोरची बाई काय म्हणाली यावर पुढची ओवी ठरते. विषयवार मांडणीत हा संवाद नाहीसा होतो आणि उरतात ती सुटी सुभाषिते. ध्वनिमुद्रणात आवाज, पुनरावृत्ती आणि दोघींचा विलंब ऐकू येतो, म्हणून ते छापील पानापेक्षा मूळ प्रयोगाच्या अधिक जवळ जाते. अधिक आधुनिक साधन येथे अधिक मानवी ठरते, ही गोष्ट कमी यंत्रे म्हणजे अधिक माणुसकी या समीकरणाला पुरेसे उत्तर देते.

दुसरा प्रश्न ऐकणाऱ्याचा आहे. कानांत यंत्र घालून, पडद्यावर बोट सरकवीत, ओवी ऐकणारा आजचा रसिक पुन्हा त्या अंथरुणातल्या मुलाच्याच जागी जाऊन बसतो. त्याला ओवी हवी तेव्हा मिळते. ओवीला तो काहीच देणे लागत नाही. जात्यावर ऐकणारीला पुढची ओवी द्यावी लागे, निदान खुंटा ओढावा लागे. समीक्षेलाही हे लागू आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासात दळणारी बाई दीर्घकाळ ‘निवेदक’ किंवा ‘माहितीस्रोत’ म्हणून आली. तिने आपल्या ओवीचा अर्थ स्वतः काय लावला, हे विचारण्याची पद्धत उशिरा रुजली. प्वातवँ-राईरकर यांच्या कामाचे महत्त्व केवळ संख्येत नाही. गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांनी आपल्याच परिसरातील बायांसमोर बसून या ओव्यांवर चर्चा केली, हे त्या पद्धतीचे वैशिष्ट्य होते. ध्वनिमुद्रकाच्या जोडीने तेथे पुन्हा एक समोरची जागा निर्माण झाली.

७

वरील विवेचनातून जो निकष हाती येतो तो असा. एखादे साधन जगणे अधिक मानवी करते की कमी, हे त्याच्या जुनेपणावरून किंवा साधेपणावरून ठरत नाही. त्यासाठी निदान तीन प्रश्न विचारावे लागतात. त्या साधनामागचे कष्ट कोणाच्या वाट्याला येतात आणि ते निवडलेले आहेत की नेमून दिलेले? ते चालू असताना माणसाच्या आवाजाला वाव राहतो काय? आणि त्याच्या वापरात समोर कोणी असावे लागते काय? जाते पहिल्या प्रश्नात अनुत्तीर्ण होते, उरलेल्या दोहोंत उत्तीर्ण होते. गिरणी पहिल्या प्रश्नात उत्तीर्ण होते, उरलेल्या दोहोंत होत नाही. घरघंटी आणि भ्रमणध्वनी यांचीही परीक्षा याच प्रश्नांनी घेता येईल. भ्रमणध्वनीच्या बाबतीत उत्तर एकच येणार नाही, कारण दूर नांदणाऱ्या मुलीला रोज आईचा आवाज ऐकविणारे आणि एका खोलीत बसलेल्या चौघांना एकमेकांपासून तोडणारे साधन एकच आहे.

साध्या जीवनाचा पुरस्कार करणारे लेखन या तीनपैकी शेवटचे दोन प्रश्न ऐकते आणि पहिला विसरते. यंत्रयुगाचा पुरस्कार करणारे लेखन पहिला ऐकते आणि शेवटचे दोन भावुक म्हणून सोडून देते. ओवी मात्र तिन्ही एकाच वेळी विचारते. ती दळणाविरुद्ध तक्रार करते आणि दळताना मिळालेली सोबतही सोडू इच्छीत नाही. विसंगत म्हणून तिला बाजूला सारण्याचे कारण नाही. कष्ट आणि सोबत या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, अशी ती मागणी आहे. जनाबाईच्या कथेतही ही मागणी आहेच.

आजही लग्नघरात हळद दळताना जाते निघते. त्याला हळकुंड बांधले जाते, पाच-सात सुवासिनी आळीपाळीने खुंट्याला हात लावतात, एखादी म्हातारी चार ओव्या म्हणते आणि जाते पुन्हा माळ्यावर जाते. या विधीला अवशेष म्हणून सोडून देण्यापूर्वी त्याची रचना पाहावी. दळण नाममात्र आहे, पोट त्यावर अवलंबून नाही. हात मात्र अनेक आहेत आणि गाणे ऐकायला सगळ्या समोर बसलेल्या आहेत. सक्ती वजा जाऊन सोबत तेवढी शिल्लक राहिलेली आहे, वर्षाकाठी एखाद्या दिवसापुरती का होईना. विधवेला मात्र त्या खुंट्यापाशी अजूनही अनेक घरांत बोलावले जात नाही, आणि पुरुष अजूनही बाहेरच बसलेले असतात. समोरची जागा सर्वांसाठी मोकळी झालेली नाही. ओवीचा अभ्यास करणाऱ्या समीक्षेने या जागेचा हिशेब ठेवावयास हवा. नाहीतर तिचे ऐकणेही अंथरुणातूनच होत राहील.